माधवीचा डबा

सितारा खालाला कशाची भीती वाटत नसे, हे शोधायला बसलात तर दिवस पुरायचा नाही. गॅसचं सिलिंडर बदलताना ती ओढणीचं टोक दातात धरी. मीटर बघायला माणूस आला तरी पोलीस आल्यासारखी तिची छाती धडधडे. जन्म बडनेऱ्याचा, संसार बडनेऱ्याचाच, नवरा रेल्वेत खलाशी. तरी एकटीने अकोल्याला जायची हिंमत काही तिची उभ्या जन्मात झाली नाही. नवरा वारल्यावर अशा बाईला नोकरी मिळाली ती कुठे, तर अमरावतीच्या ‘सोबत’मध्ये.

अमरावतीत वसतिगृहांना तोटा नाही. या समाजाचं, त्या समाजाचं, मुलांचं, मुलींचं. प्रत्येकावर हातभर पाटी. पोर आपल्या माणसांत राहिलं की घरच्यांना झोप लागते, त्यात गैर काही नाही. पण एखादं पोर कुठल्याच पाटीखाली मावत नसेल तर त्याने जायचं कुठे? एका कॉलेजला हा प्रश्न पडला हेच नवल. त्यांनी मागच्या आवारातलं एक जुनं क्वार्टर रंगवून अशा पोरांना दिलं, तेच ‘सोबत’. इथे कोणाला जात-धर्म विचारायचा नाही, आणि जो स्वतःचं जे नाव सांगेल त्याच नावाने त्याला हाक मारायची, असे दोन नियम. स्वयंपाकाला आणि पोरांवर लक्ष ठेवायला सितारा खाला. रंग नवा लागला, पण दाराची कडी जुनीच राहिली. जरा जोरात ढकललं की ती निघून येई. खाला कॉलेजच्या ऑफिसात सांगून सांगून थकली.

पातूरजवळच्या एका गावचा विपुल इथे माधवी म्हणून राहायला आली. खांद्यावर रुळणारे केस, साधा कुर्ता, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. खालाला पहिल्या दिवशी घामच फुटला. तोंडातून चुकून विपुल निघालं तर? पोरगी दुखावली तर? म्हणून कणीक मळताना ती आपली पुटपुटत राही, “माधवी, माधवी.” एवढी घोकंपट्टी तिने शाळेत केली असती तर आज हेडबाई झाली असती.

गावी मात्र माधवी अजून विपुलच होती. आई नव्हती. वडील रामराव संत्र्याच्या बागेतला अबोल माणूस. स्वतःच भाकरी थापायचा, ठेचा कुटायचा आणि डबा भरून एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचा. शिकायला गेलेल्या पोराला असा डबा धाडायची रीत आपल्याकडे अजून आहे. कंडक्टर गोवर्धन त्याच गावचा. त्याच्या नजरेला माधवी पडू नये म्हणून स्टँडवर डबा घ्यायला खाला जाई. आधीचा डबा धुऊन परत देताना, रिकामा जाऊ नये म्हणून त्यात मूठभर शेवया टाकी.

एके दिवशी स्टँडवर गर्दी होती. गाडी सुटायला आली होती. खाला धापा टाकत खिडकीशी पोचली आणि बोलून गेली, “भाऊ, आमच्या माधवीचा डबा आला का?”

गोवर्धन हसला. “कोन माधवी वं? हा तं रामरावच्या विपुलचा डबा होय.”

“हो हो, त्याचाच,” खाला म्हणाली. पण तिचा चेहरा असा पडला की आंधळ्यालाही दिसावा. गोवर्धन माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या पोटात काही राहत नसे. गाडी गेली तरी खाला तिथेच उभी. ‘सोबत’वर परत येऊन तिने डबा ओट्यावर ठेवला आणि कोणाला काही सांगितलं नाही. दाराची कडी मात्र ती दिवसभर तपासत राहिली.

पुढच्या आठवड्यात डबा आलाच नाही. मग रामरावांचा फोन आला. “सकाळच्या गाडीनं येऊन राहिलो.” बस, एवढंच. माधवीने फोन ठेवला आणि भिंतीला टेकली. तेव्हा खालाने रडत रडत सगळं सांगितलं.

“माह्याच तोंडानं घात केला बेटा.”

माधवी चिडली असती तरी खालाला बरं वाटलं असतं. पण ती हळूच म्हणाली, “बाबा मारणार नाहीत, खाला. बोलणार बी नाहीत. नुसते हात धरून घेऊन जातील. मंग कॉलेज गेलं अन् मी बी गेली.”

सकाळी बाकीची पोरं कॉलेजला गेली. माधवीने ट्रंकेच्या तळातला शर्ट काढून घातला. बटणं खालीवर लागली. मग तिने तो काढला आणि परत कुर्ता चढवला. “आता काय उपयोग,” ती म्हणाली. खाला तिच्यापुढे जाऊन बसली. ही बाई झुरळाला भिणारी, ती काय आडवी येणार होती कोण जाणे, पण बसली.

दारावर थाप पडली आणि त्या थापेनेच कडी निखळून खाली आली. दार आपोआप उघडलं. उंबऱ्यात रामराव उभे, हातात डबा. त्यांनी लेकराकडे पाहिलं. केसांकडे, कुर्त्याकडे. मग खाली पडलेल्या कडीकडे पाहिलं. डबा उंबऱ्यात ठेवला आणि उलटे फिरले.

“माणसं आणायले गेले,” खाला कुजबुजली. तिने उंबऱ्यातला डबा आत ओढला, दाराला पाण्याची टाकी लावली, वर गव्हाचा डबा चढवला. माधवी कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसली होती. बाहेर कोणाचीही चप्पल वाजली की खाला खिडकीतून डोकावत होती.

रामराव परत आले ते एकटेच. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांब, जड. खाला खिडकीचे गज धरून बघत राहिली. त्यांनी कागद सोडला. आत लोखंडाची जाडजूड कडी होती. स्क्रू होते, पेचकस होता.

खालाने टाकी बाजूला सारून दार उघडलं. ते दाराशी उकिडवे बसले आणि कामाला लागले. बोलले ते दाराशीच. “गोवर्धननं गावभर केलं. पारावरचे पोट्टे म्हणते, अमरावतीले जाऊन पायतो कसा रायते तं. मी म्हटलं, आपुन पयले जावं.”

कडी बसली. ते बाहेर गेले, दार ओढून घेतलं. “आतून लाव,” म्हणाले.

माधवीने कडी सरकवली. आणि बाहेरून रामरावांनी दाराला खांदा दिला. धाड. पुन्हा धाड. दार थरथरलं, भिंतीचा पोपडा पडला, पण कडी हलली नाही. माधवी दोन्ही हातांनी ती कडी धरून हमसून हमसून रडत होती.

“बाबा, उघडू का?”

“नको.” बाहेरचा आवाज फाटला होता. “कोनी बी आलं तरी उघडू नको. मी हाक मारली तरी पयले खिडकीतून पाय, संग कोन हाय ते.”

खालाला काय झालं कोण जाणे. तिने भाकऱ्या ताटात काढल्या, डबा धुतला, शेवया टाकल्या आणि खिडकीच्या गजातून बाहेर दिला. “भाऊ, गोवर्धनच्या हाती नका देऊ आता. तुमी अकोल्याच्या स्टँडवर आना. मी येतो तिथं.”

रामरावांनी डबा घेतला आणि मान हलवली.

तेव्हापासून दर आठवड्याला सितारा खाला एकटी अकोल्याला जाते. भीती काही गेलेली नाही. उलट आता पारावरच्या पोरांचीही भर पडली आहे. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत ती पुटपुटत असते. पण आता घोकते ते दुसरं नाव. स्टँडवर चार लोकांत विपुलच म्हणायचं, चुकायचं नाही. रामराव डबा पुढे करतात, आजूबाजूला बघतात आणि हळू आवाजात विचारतात, “कडी लावते ना ते रोज?”

“लावते,” खाला म्हणते.