आत्यानं पुसलेली रेघ

माझ्या आत्याचं घर आर्वी तालुक्यात, रोहण्याकडच्या एका लहान गावात. घर दीड खोलीचं, पण राहणं सगळं अंगणात. चूल अंगणात, बाज अंगणात, कापूस वेचून आलेल्या बायांचं बसणं अंगणात. आई मी लहान असतानाच गेली, बाप चळवळीची पत्रकं वाटत गावोगाव फिरत राहिला, म्हणून मी त्याच अंगणात वाढले. उरलेली पत्रकं आत्यानं खोलीच्या भिंतींना खळीनं डकवली होती, थंडी लागू नये म्हणून. अक्षरं मी त्या भिंतींवर शिकले. ‘हक्क’ आणि ‘जुलूम’ हे शब्द मला ‘कमळ’च्या आधी वाचता आले.

गावठाणाची मोजणी ड्रोननं होणार असं कळलं तेव्हा मला आनंद झाला होता. पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या वापरात असलेल्या घराचा कागद मिळणार होता, तोही आत्याच्या नावाचा. पद्धत साधी होती. आदल्या दिवशी प्रत्येकानं मोजणीवाल्यांना आपापली जागा दाखवायची, तिच्या कडेनं चुन्याची फक्की टाकायची. ड्रोन वरून फोटो आणि व्हिडिओ घेणार, त्यातल्या प्रत्येक ठिपक्याला जमिनीवरची नेमकी जागा जोडलेली असणार, आणि पांढऱ्या रेघांवरून नकाशा निघणार. मी अंगणाभोवती रेघ ओढली आणि कामावर वर्ध्याला परतले.

दुसऱ्या दिवशी फोन केला.

“झालं का वो आत्या?”

“झालं ना. भुंग्यावानी आलं अन् गेलं. म्या सकाळीच अंगण सारवून ठेवलं होतं.”

“सारवलं? अन् रेघ?”

“थे फक्की? थेबी निंघाली त्यात. मोजून तं काल गेले ना थे लोक. आज पाव्हणे वरून पाहून राह्यले, अन् अंगणात चुना सांडलेला? काय म्हणतीन लोक!”

कुणी घरी येणार असलं की ती आधी शेणाची बादली उचलायची. पाहुणा रस्त्यानं येवो की आभाळातून, तिला सारखाच.

नकाशा पंचायतीत लागला तेव्हा त्यात दीड खोलीचा चौकोन होता. अंगण नव्हतं. गल्ली थेट उंबरठ्याला येऊन भिडली होती, आणि त्या गल्लीचं सिमेंट मंजूर झालेलं होतं. म्हणजे चूल आणि बाज उद्या रस्त्यात येणार होती.

मी पेटले. पत्रक लिहिलं, छापलं, गावात वाटलं. जिनं आयुष्यभर रोज स्वतःच्या हातानं आपली हद्द सारवली, तिला हद्द नाही म्हणणारे तुम्ही कोण, असं त्यात विचारलं होतं. आजही त्यातला शब्द मी मागे घेत नाही. पत्रक शेजारणीच्या पोरीनं आत्याला वाचून दाखवलं.

“माह्या सारवणाची बदनामी गावभर काऊन केली वो?” ती म्हणाली. “तुह्या बापानं जलमभर कागद वाटले, अन् चूल म्याच पेटवली. चाल, त्या मोजणीच्या सायबाकडे चाल.”

आर्वीच्या कार्यालयातला अधिकारी माझ्याच वयाचा होता. त्यानं आमच्या गल्लीचा व्हिडिओ लावला. आत्या बादली घेऊन खोलीतून बाहेर येते. वर पाहते. आणि बादली खाली ठेवून डोक्यावर पदर घेते, मोठं माणूस समोर आल्यावर घ्यावा तसा. तिच्याभोवती ओल्या सारवणाचा काळा चौकोन, कोरड्या गल्लीपासून अगदी वेगळा.

“ही पाहा हद्द,” मी म्हणाले. “स्वच्छ दिसते आहे.”

“दिसते, ताई. पण ओल्या जमिनीला हद्द कशी धरू? उद्या वाळणार ती.” पडद्यावरून नजर न काढता तो बोलला. मग म्हणाला, पुन्हा फक्की टाका, शेजारी साक्षीला ठेवा, मी स्वतः येऊन मोजतो. कधी, ते त्यालाही सांगता येईना.

आम्ही पुन्हा फक्की टाकली आणि आत्यानं सारवणं थांबवलं. रेघेवर कोंबडी आली की ती हातातलं काम टाकून धावायची. धुरळा साचला, जमीन उलली. पलीकडची शेजारीण कुंपणावरून चिडवायची, “काय वो वैनी, सुट्टी घेतली काय?”

“संप हाय माहा,” आत्या म्हणायची. “सायेब येईस्तोवर. भावाची बहीण हाय मी.”

मला मात्र एकदा हळूच म्हणाली, “हात खाजवते वो माय. असं अंगण माह्यानं पाह्यलं नाई जात.”

साहेब यायच्या आधी ती गेली. ताप अंगावर काढला, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता.

तिला त्याच उललेल्या अंगणात ठेवलं. उचलून नेल्यावर जागा सारवायची म्हणून बायांनी शेण कालवून आणलं होतं. शेजारीण आडवी आली. “थांबा. रेघ जाईन तिची.” तिरडी निघाली तेव्हा खांदा देणारे पाय उचलून उचलून रेघेपलीकडे गेले. तिरडी बांधताना मला रडू आलं नव्हतं, ते त्या पायांकडे पाहून आलं.

त्यानंतर काही दिवसांनी तो अधिकारी आला, तेव्हा मी शेजारणीकडे बसले होते. घर बंद पाहून त्यानं शेजारणीला विचारलं, मग माझ्याकडे पाहून पायातले बूट काढले आणि तसाच मोजत फिरला. शेजाऱ्यांनी साक्ष दिली. अंगण नकाशात आलं.

तो गेल्यावर शेजारीण बादली घेऊन उभी राहिली.

“आता सारवू?”

मी मान हलवली. ती खाली बसली आणि भिंतीपासून कडेकडे हात फिरवत निघाली. फक्की शेणात मिसळून गेली. जमीन काळी झाली, व्हिडिओत दिसली होती तशी. मी वर पाहिलं. आभाळ रिकामं होतं.