सुलोचनाने सांडलेला द्रोण

गाव सोडलं तेव्हा एसटीच्या थांब्यावर आम्हाला पोचवायला कोणी आलं नाही. एक पत्र्याची ट्रंक, दोन बोचकी, मी, बायको सुलोचना आणि दहा वर्षांचा महेश. दादा, माझा थोरला भाऊ, घरातच बसून राहिला. सुलोचना ताठ उभी होती आणि मी मान खाली घालून. कारण तिने राखणीचा द्रोण सांडला होता.

इकडे विरारला जन्मलेल्यांना राखण कळायची नाही, म्हणून सांगतो. कणकवलीकडे आमच्या गावात वर्षातून एकदा शिवेवरच्या राखणदाराला कोंबडा आणि दारू देतात. घरातला थोरला गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाला मोठ्याने मागणं सांगतो, आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. मग उरलेली दारू पुरुषांत फिरते. आमच्या घरात पोरगा दहाचा झाला की त्यालाही पानाच्या द्रोणातून घोट मिळायचा. मला बाबांनी तशीच लावली. म्हणाले, "आता तू बाप्यो झालंस." बाप्या कसला, बेवडा झालो.

दादाने महेशच्या तोंडाशी द्रोण नेला, तशी ही बायकांतून उठून आली, द्रोण हिसकावला आणि मातीत ओतला. देवासमोर. दादा मला म्हणाला, "बायलेक आवरूक येना नाय तुका?" लोक समजतात मी बायकोसाठी गाव सोडलं. खोटं आहे. मला तिची लाज वाटली म्हणून सोडलं.

विरारच्या फुलपाड्याला चाळीत खोली मिळाली. मी वालीवच्या कारखान्यात कड्या-कोयंड्यांना पॉलिश मारायचो, ती डब्याच्या चपात्या लाटायची. गावात जिला कोणी नावाने हाक मारत नव्हतं ती इथे सगळ्या गल्लीची 'टिफिनवाल्या मावशी' झाली. माझं पिणं चालूच होतं. त्यावर ती एकदाच बोलली, "तुमका दहाव्या वर्साक लावली, तुमचा काय ता झाला. ह्येचा मी बघतलंय." डबा घेणाऱ्या कुणीतरी तिला सांगितलं की सरकार बिअरला एकवीस वर्षांचं वय मागतं आणि दारूला पंचवीस. तिने पंचवीस धरून ठेवलं. बिअरची सवलत तिने स्वतःच रद्द केली.

महेश पंचवीसचा झाला त्या दिवशी तिने त्याच्यासमोर रिकामा ग्लास ठेवला. "आता तुझा तू बघ." तो मित्रांबरोबर गेला, एक बिअर पिऊन आला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "आई, ह्याच्यासाठी एवढं?" ती पदर तोंडाला लावून किती हसली! त्याच वर्षी मी सोडली. पोरगा पीत नाही आणि बाप पितो, हे मला बघवेना.

आता घरात वाद माझ्या नातीचा. कॉलेजात आहे. "आजोबा, अठराला मत द्यायचं, सरकार निवडायचं, आणि ड्रिंकला पंचवीस? काय लॉजिक आहे? आणि आयडी चेक करतं कोण?" मी चौथी शिकलेला माणूस. म्हटलं, "बाय, तू म्हणतेस ते खरं. सरकारचा आकडा कोण पाळत नाही. आपल्या घरात पाळला, कारण तुझी आजी दारात उभी होती." एकवीस करा नाहीतर पंचवीस ठेवा, शिकलेल्यांनी भांडावं. मला एवढंच कळतं, मला मधली पंधरा वर्षं मिळाली नाहीत. महेशला मिळाली.

सुलोचना गेल्या वर्षी गेली. दादा तिच्याही आधी गेला. म्हणजे घरात थोरला आता मी. पुतण्याचा फोन आला, "काका, यंदा राखण तुमीच देऊक होयी. आमचो झील दहाचो झालो." झील म्हणजे मुलगा.

गेलो. तीच शीव, राखणदाराचा तोच दगड. ज्या मातीत तिने ओतली तिथेच मी उभा. हातात बाटली, शेजारी नवा शर्ट घातलेला पोरगा. मी गाऱ्हाणं सुरू केलं. गुरांना सांभाळ रे म्हाराजा. "व्हय म्हाराजा!" मुंबैक असलेल्या लेकरांची राखण कर रे म्हाराजा. "व्हय म्हाराजा!" आणि त्याच दमात, त्याच सुरात म्हटलं, ह्या घरातल्या पोराक पंचवीस वर्सां पुरी होईसर दारूचो द्रोण लावूक देऊ नको रे म्हाराजा.

"व्हय म्हाराजा!"

सगळे एका आवाजात. मग एकमेकांकडे बघायला लागले. पुतण्या म्हणाला, "काका, फसवल्यात!" म्हटलं, "माका काय सांगतंस? देवाक सांग." देवासमोर होय म्हटलेलं आमच्याकडे कोणी मागे घेत नाही. राखणदाराला त्याची दारू दिली. पोराच्या द्रोणात शहाळ्याचं पाणी ओतलं.

तेवढ्यात पुतण्याची बायको पुढे आली. पोराचा खांदा धरून हळूच म्हणाली, "काकीचा खरा होता." तीस-पस्तीस वर्षांनी. जे मी त्या दिवशी बोलायला हवं होतं ते ही परकी पोर बोलली. मी तिथेच मातीवर बसलो आणि सगळ्यांदेखत रडलो. त्याची लाज नाही वाटली.

परत येताना थांब्यावर अख्खं घर पोचवायला आलं होतं. मला वाटायचं, गाव सुटलं आणि आपलं घर म्हणजे फुलपाड्याची खोली. आता वाटतं, जिथे सुलोचनाचा शब्द चालतो ते माझं घर. इतकी वर्षं एकच होतं. आता दोन आहेत.