चौदा एप्रिलची सही

धम्मपाल ओव्हाळकडे पासपोर्ट नव्हता. पण कुठल्या देशात भिंतीच्या सॉकेटला कशी भोकं असतात, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी त्याने सांगितलं असतं. इंग्लंडची पिन चौकोनी पायांची आणि आत फ्यूज बसवलेली. युरोपची गोल, दोन पायांची. ऑस्ट्रेलियाची तिरपी, चिडलेल्या माणसाच्या भुवयांसारखी. दक्षिण आफ्रिकेची एकदम आपल्या गीझरच्या पिनसारखी जाडजूड. चाकणच्या सुभद्रा अप्लायन्सेसमध्ये चोवीस वर्षं त्याने हेच केलं. कंपनी पाण्याच्या इलेक्ट्रिक किटल्या बनवायची, सगळ्या बाहेरच्या देशांत जायच्या. आणि प्रत्येक देशाचं सर्टिफिकेट वेगळं, नियम वेगळे, फाईल वेगळी. नऊ देश, नऊ फायली. शिक्षण काय, तर आयटीआय इलेक्ट्रिशियन. पण फायलीतला पान नंबर त्याला तोंडपाठ.

त्याच्या टेस्टिंगच्या खोलीत एक नियम होता, त्यानेच केलेला. टेस्टला नापास झालेल्या किटलीची वायर तिथल्या तिथे पक्कडीने कापायची, म्हणजे कुणी चुकून सुद्धा ती परत लावणार नाही. किटली भंगारात, आणि कापलेली पिन त्याच्या खिशात. पिंपळे गुरवच्या घरी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात या पिना जमायच्या. त्याची पोरगी मैत्री लहानपणी त्या पिना जमिनीवर मांडून देश शिकली. शाळेत नकाशात ऑस्ट्रेलिया कुठाय सांगता आलं नाही तिला, पण पिन बरोबर ओळखायची.

कंपनीचे मालक सोपानराव. सगळे त्यांना आण्णा म्हणायचे. चाकणचे जुने शेतकरी, एमआयडीसीला जमीन गेली आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी शेड टाकली, आईच्या नावाने कंपनी काढली. पहिल्या दिवसापासून धम्मपाल त्यांच्याबरोबर. आण्णा पाहुण्यांना म्हणायचे, "ह्यो आमचा धम्मा. ह्याची सही झाली की सायबाची बी तपासायची हिंमत न्हाई." धम्मपालला ते फार आवडायचं. इतकं आवडायचं, की त्यातच तो फसला.

कसा, ते सांगायला हवं. किटलीच्या बुडाशी नाण्याएवढा एक पार्ट असतो, कटऑफ. पाणी संपलं आणि किटली चालूच राहिली तर तो वीज तोडतो. तो नसला किंवा हलका असला तर बूड लाल होतं, हँडल वितळतं, पुढचं बोलायला नको. फाईलमध्ये कटऑफ कुठल्या कंपनीचा, कुठला नंबर, सगळं लिहिलेलं. सर्टिफिकेट देणाऱ्या एजन्सीला विचारल्याशिवाय बदलायचा नाही. कटऑफचा नवीन लॉट आला की धम्मपाल पाच पीस काढायचा, तापवायचा, किती तापमानाला वीज तुटली ते तक्त्यात लिहायचा आणि खाली सही करायचा. सही झाल्याशिवाय लॉट लाईनवर जायचा नाही.

आणि धम्मपाल वर्षातून एकदाच हक्काची सुट्टी घ्यायचा. जयंतीला. तेरा, चौदा, पंधरा एप्रिल. बाकी दिवाळी असो, ताप असो, सख्ख्या भावाचं लग्न असो, हा अर्धा दिवस तरी येणार. पण चौदा एप्रिलला नाही म्हणजे नाही.

मग त्या तीन दिवसांत लॉट आला तर? आण्णा म्हणायचे, "लाईन थांबली न्हाई पायजे धम्मा, काय बी कर." तर धम्मपाल काय करायचा, जायच्या आधी दहा कोऱ्या तक्त्यांवर सही करून ड्रॉवरमध्ये ठेवायचा. आकडे स्टोअरवाले भरणार, हा परत आला की तोच लॉट स्वतः तपासणार. आणि तपासायचाही, दरवर्षी. एवढी वर्षं काही झालं नाही म्हटल्यावर ती चूक आहे हेच कुणाच्या लक्षात राहिलं नाही. ती पद्धत झाली.

यंदा सोळा तारखेला तो आला, तर लॉट संपलेला. सगळे कटऑफ किटल्यांत बसून किटल्या खोक्यांत बंद. त्याने शेखरला विचारलं. शेखर म्हणजे आण्णांचा मुलगा, एमबीए करून आलेला, आता खरेदी त्याच्याकडे.

"काका, तीच पार्टी, तोच माल. इंग्लंडची ऑर्डर आहे, कंटेनर लागलाय. तुम्ही आता खोकी फोडणार का?"

धम्मपाल दाराशी उभा राहिला. खोकी फोडा असं म्हणायला तोंड उघडलं सुद्धा होतं. पण "नाही" म्हणाला तो. आणि हे त्याने स्वतःला कधीच माफ केलं नाही, त्यामुळे इथे त्याची बाजू सावरण्यात अर्थ नाही.

ऑगस्टमध्ये इंग्लंडहून मेल आला. एका लॉजमध्ये किटली रिकामी तापत राहिली, हँडल वितळून टेबलाला चिकटलं. माणूस वाचला, कारण तो खोलीत नव्हता. फोटो होते. धम्मपालने फोटो मोठा करून बघितला आणि बुडातला कटऑफ पाहिल्या पाहिल्या त्याला कळलं. तो फाईलमधला नव्हता. हलका माल होता. तीच पार्टी वगैरे काही नव्हतं. माल अर्धा गेला होता, अर्धा गोडाऊनमध्ये होता. एजन्सीने सर्टिफिकेट थांबवलं आणि कळवलं, सप्टेंबरमध्ये ऑडिटर येणार.

ऑडिटच्या आदल्या दिवशी शेखरने त्याला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, दार लावलं.

"काका, सोपं आहे. सप्लायरने खोक्यात माल मिसळला. तुम्ही पाच पीस तपासले ते चांगले निघाले, बाकीचे खराब होते. तक्ता आहेच ना आपल्याकडे. तुमची सही आहे."

"माझी सही कोऱ्या कागदावर होती."

"ते तुम्हाला माहितीय आणि मला. त्या ऑडिटर बाईला कुठे माहितीय?"

"आणि खरं सांगितलं तर?"

"तर नऊच्या नऊ फायली खोट्या ठरतील. सगळ्यांवर तुमचीच सही आहे. लाईनवरच्या साठ बायका उद्यापासून घरी." शेखरने कप पुढे सरकवला. "मी काय नवीन सांगतोय काका. फक्त म्हणायचं, हो, टेस्ट मी केली. चार शब्द."

धम्मपाल घरी आला. मैत्री इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, तिने खोदून खोदून सगळं काढून घेतलं. ऐकून तिने काहीच भाषण दिलं नाही. फोन काढला आणि एक फोटो त्याच्यासमोर धरला. पिंपरी चौक, रणरणतं ऊन, गर्दी, आणि मधोमध धम्मपाल, पांढरा शर्ट, निळा फेटा, हातात पोरांना वाटायचा पाण्याचा जग.

"पप्पा, तक्त्यावर तारीख कुठली आहे?"

"चौदा एप्रिल."

"म्हणजे उद्या तुम्ही सांगणार, या दिवशी तुम्ही कामावर होतात."

त्याने फोटो बघितला आणि फोन उलटा करून ठेवला. त्याचा बाप दुसऱ्या एका कंपनीत हमाल होता. साहेबाने एकदा चौदा एप्रिलला ओव्हरटाइमला बोलावलं आणि बाप गेला नाही, तर आठ दिवस घरी बसवलं होतं. धम्मपालला ते आठ दिवस आठवत होते. बाप रोज सकाळी दाढी करून तयार व्हायचा आणि ओट्यावर बसून राहायचा.

ऑडिटर बाई चेन्नईच्या होत्या. शांत, चष्मा, स्वतःची पाण्याची बाटली स्वतः आणलेली. त्यांनी चहा सुद्धा घेतला नाही. तासभर फाईल वाचली. मग तो तक्ता काढून टेबलावर ठेवला. एका बाजूला आण्णा, एका बाजूला शेखर.

"यह टेस्ट आपने खुद किया?"

चार शब्द. धम्मपालने शेखरकडे नाही, आण्णांकडे बघितलं. आण्णा खिडकीबाहेर बघत होते.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "सही मेरी है. वो दिन मेरा नहीं है. चौदह अप्रैल को मैं छुट्टी पर था." आणि मग थांबलाच नाही, कोरे तक्ते, ड्रॉवर, किती वर्षं, सोळा तारखेला खोकी का फोडली नाहीत, सगळं. बाई लिहीत होत्या. हजेरीच्या मशीनचा प्रिंट मागवला, तपासला. पार्ट कुणी विकत घेतला हे त्यांनी विचारलं, तेव्हा शेखरने अगदी दुखावलेल्या आवाजात हिंदीतून सांगितलं, "मॅडम, आम्हीही आत्ताच ऐकतोय हे. आमचा सगळा विश्वास यांच्या सहीवर होता."

आता यातला सगळ्यात कडू भाग. अशा वेळी कंपनीला एजन्सीकडे एक रिपोर्ट पाठवावा लागतो, चूक का झाली आणि काय सुधारणा केली. तो कसा लिहायचा हे शेखरला कुणी शिकवलं होतं? धम्मपालनेच. शेखर नवीन असताना त्याला शेजारी बसवून सांगितलं होतं, "त्यांना गोष्ट नको असते. एक कारण, एक उपाय, एक तारीख. कारण जेवढं लहान, तेवढं लवकर सुटतं." शेखरने तंतोतंत तसंच लिहिलं. कारण, टेक्निशियनने कोऱ्या कागदांवर सह्या केल्या. उपाय, टेक्निशियनला काढलं, नवीन इंजिनिअर नेमला, उरलेल्या सगळ्या किटल्या नष्ट केल्या. पुढे तारीख. खरेदीबद्दल एक ओळ नाही.

पाच आठवड्यांत सर्टिफिकेट परत मिळालं. नऊच्या नऊ फायली शाबूत. साठ बायका कामावर. ज्याच्या भीतीने याला खोटं बोलायला सांगत होते ते काहीच झालं नाही. खरं बोलून त्याने कंपनी वाचवली, फक्त स्वतःला सोडून.

शेवटच्या दिवशी आण्णा गेटपर्यंत आले होते.

"धम्मा, तू खरं बोललास. मला वाईट न्हाई वाटलं."

"मग आण्णा, तुम्ही का नाही बोललात?"

"पोरगं हाय माझं." आण्णा म्हणाले. "तुला बी पोरगी हाय. तुला कळंल."

"कळतंय ना," धम्मपाल म्हणाला. "माझ्या पोरीनेच तर बोलायला लावलं." आणि कंपनीच्या बसमध्ये न चढता चालत हायवेला आला, कारण बसचा पास सकाळीच काढून घेतला होता.

दिवाळीत जयमाला घरी आली. जयमाला लाईनवरची सुपरवायझर, राहायला कासारवाडीला, धम्मपालला दादा म्हणायची. फराळाचा डबा आणला होता, आणि पिशवीत एक किटली.

"दादा, जरा बघता का हिला? कंपनीने दिवाळीला दिली. सगळ्यांना दिल्या. तापली की वास मारती."

"नवीन मुलाला दाखवायची की."

"तो फाईल बघतो. किटली बघत नाही," ती म्हणाली आणि दोघं हसले.

धम्मपालने वायर हातात घेतली आणि त्याचं हसू गेलं. पिन आपल्याकडची होती, तीन गोल पायांची, पण वीतभर अंतरावर वायरला जोड होता, वर काळी टेप. कुणीतरी मूळची पिन कापून ही लावली होती. मूळची कुठली, हे वायरच्या छापावरूनच कळत होतं. इंग्लंडची. त्याने बूड उघडलं. आत तोच हलका कटऑफ.

म्हणजे नष्ट केलेल्या किटल्या या होत्या.

त्याने ती बाल्कनीत नेली, रिकामीच चालू केली आणि घड्याळ बघत उभा राहिला. मिनिटात वीज तुटायला पाहिजे. दोन झाली, तीन झाली. बुडातून धूर यायला लागला, तेव्हा मैत्रीने बटण बंद केलं. धम्मपाल आत गेला, पक्कड आणली आणि जयमालाच्या देखत वायर कापली.

"अहो दादा, काय केलंत हे?" ती उभीच राहिली. "मी बघायला सांगितलं होतं."

"बघितलं. सगळ्या पोरींना फोन कर. आत्ता. म्हणावं, कुणीच वापरू नका."

"मी करू? कंपनीची भेट खराब आहे असं मी सांगू?" तिचा आवाज बारीक झाला. "मला पण काढतील. तुमचं ठीक आहे, तुमची मुलगी इंजिनिअर होईल. माझ्या घरी मी एकटी कमावती आहे."

"मग मी करतो."

"करा. पण माझं नाव नका घेऊ." चप्पल घालता घालता ती म्हणाली, "वर्षातून एकदा काहीतरी फुकट मिळतं दादा. ते पण तुम्ही कापलं."

ती गेली. फराळाचा डबा तसाच टेबलावर. कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्याला अजून कुणी काढलं नव्हतं, बहुतेक विसरले होते. त्याने करपलेल्या बुडाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, दिवाळीची किटली वापरू नका, हिच्यात कटऑफ चालत नाही, धम्मपाल ओव्हाळ. आणि आजची तारीख.

पन्नास जणांनी बघितलं. कुणी काही लिहिलं नाही. मग स्क्रीनवर ओळ आली, शेखरने तुम्हाला ग्रुपमधून काढलं आहे.

मग तो वही घेऊन बसला आणि नंबर काढून एकेकीला फोन लावायला लागला. पहिलीने उचलला नाही. दुसरी म्हणाली, "दादा, तुमचा फोन घेऊ नका म्हणून आत्ताच मेसेज आलाय," आणि ठेवला. तिसऱ्या नंबरची रिंग वाजत होती.

मैत्रीने जमिनीवरची पिन उचलली आणि पत्र्याच्या डब्यात टाकली. त्या डब्यात सगळ्या जगाच्या पिना होत्या. आपल्या देशाची ही पहिलीच.