रिठदच्या तळ्यातल्या तीन बरण्या

वानखडे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी रिसोडच्या माझ्या भांड्यांच्या दुकानात स्टुलावर उभा राहून वरच्या फळीवरची परात काढत होतो. फोन सरांच्या सुनेचा होता. "भाऊ, बाबा गेले... सकाळी, झोपेतच." मी परातीसकट खाली बसलो. मग म्हणाली, "अन् त्या तीन बरण्यांचं काय करू? पाहुणे येऊन राह्यले. कोणी हात लावला तं बाबा मले वरून रागावतीन." रडावं की हसावं... मी दोन्ही केलं. गिऱ्हाईक परात न घेताच गेलं.

सर आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. बेडकाच्या आकृतीला मी मिशा काढल्या म्हणून त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं, आणि मिशा झकास वठल्यात हेही सांगितलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी पाणपिसवा पाळल्या. नावाला पिसू, पण चावत नाही. झिंग्याच्या नात्यातला, रव्याच्या कणाएवढा जीव, पाण्यात टुणटुण उड्या मारणारा. सरांच्या मूळ गावी, रिठदला, तळ्यात त्या चिक्कार. सरांचं भांडण पुस्तकांशी होतं. "पुस्तकातल्या पिसवा थंड देशातल्या. पुस्तकाचं ऐकलं तं आपल्या मे महिन्यात एकही पिसू जगाले नाई पाह्यजे. अन् ह्या तं जगून राह्यल्या! काहून? कोणी मोजलंच नाई. मंग आपण मोजू. पुरं वर्ष, एकही दिवस न सोडता."

माझ्याच दुकानातल्या तीन बरण्या त्यांनी नेल्या. एका पिसवेच्या लेकी तिन्हींत वाटल्या. एक बरणी टिनाखालच्या खिडकीत, एक सावलीत जमिनीवर, एक माठाशेजारी ओल्या रेतीत. जीव एकाच आईचे, फरक फक्त तापण्याचा. रोज वहीत नोंद. थंडीत पिसू सावकाश वाढते, अंगानं थोराड होते, पाठीतल्या पिशवीत अंडी भरपूर. ऊन चढलं की घाईघाईनं वयात येते, पण चणीनं बारीक, अंडीही मोजकी. श्रावणापासून होळीपर्यंत एवढं कळलं. उरला उन्हाळा, आणि सगळा प्रश्न उन्हाळ्याचाच होता.

नेमकं तेव्हाच सरांना मोतीबिंदूसाठी अकोल्याला जावं लागलं. बरण्या आमच्या घरी आल्या. "रोज चमचाभर शेवाळाचं हिरवं पाणी टाकजो. दुसरं काई करू नको." मी आज्ञाधारक! पण मधेच दोन दिवस मंगरूळपीरला लग्नाला गेलो, आणि आईला सांगायचं विसरलो.

आम्ही जैन. आमच्याकडे पाणी दुहेरी कापडातून गाळतात, आणि कापडावर राहिलेले जीव ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात अलगद परत सोडतात. त्याला जिवाणी म्हणतात. आईनं हा नेम साठ वर्षांत एकदाही चुकवलेला नाही. मी परतलो तर तिन्ही बरण्या लख्ख घासून पालथ्या, आणि आई प्रसन्न. "कोंडून ठेवले होते रे बिचारे. गाळले, नवकार म्हटला अन् आपल्या विहिरीत सोडून देल्ले."

सर आले ते डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. मी माफीचं भाषण पाठ करून ठेवलं होतं. पहिल्याच वाक्यावर त्यांनी हात वर केला. एक पालथी बरणी सुलटी करून ठेवली, मग आईकडे वळले. "काकू, ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात सोडाचे, असा नेम हाये ना तुमचा?"

"हो तं."

"मंग हे रिठदच्या तळ्यातले होते. तुमी रिसोडच्या विहिरीत घातले."

आईचा चेहरा उतरला. असा मी कधी पाहिला नव्हता. "आता कसं करू मास्तर?"

"आता पुन्हा श्रावणापासून. तुटलेल्या ओळीले गाठ मारली तं थे खोटं होते. पण औंदा राखण तुमी कराची, अन् वर्ष पुरं झालं की रिठदले नेऊन तुमच्याच हातानं सोडाचं."

तळं आटलं की पिसू वेगळी, टणक अंडी घालते. ती सुकल्या गाळात पाण्याची वाट पाहत पडून राहतात. श्रावणात सरांनी रिठदच्या तळ्यातला असाच ठेवणीतला गाळ भिजवला. काही दिवसांनी ठिपके हलायला लागले. तेव्हापासून आई रोज दुपारी छत्री घेऊन सरांच्या रिसोडातल्या घरी हजर. "मास्तर, चष्मा कुठी हाये? अंदाजे मोजून राह्यले काय?" सर घाबरायचे फक्त तिला.

या वेळी होळी पार पडली. एप्रिल सरत आला. आणि सर गेले.

रिठदला त्यांना पोचवून आलो, आंघोळ केली, तर आई दारात उभी. "आजचं मोजलं काय?" मी उलट पावली सरांच्या घरी गेलो आणि ऑटोत मांडीवर धरून बरण्या आणल्या. सुनेनं वहीही दिली. त्या दिवसाची ओळ कोरी राहिली नाही. आज पाच आठवडे झाले, एकही राहिलेली नाही.

बरण्या आता दुकानामागच्या खोलीत आहेत, पहिल्यासारख्याच मांडलेल्या. पाणी हलू नये म्हणून मोजण्याआधी सर पंखा बंद करायचे. मीही करतो. मे महिन्यात, भर दुपारी, टिनाखाली! बटण खोलीचं आणि दुकानाचं एकच, त्यामुळे बाहेर गिऱ्हाइकं घाम पुसत मला शिव्या घालतात. मी त्यांना शांतपणे सांगतो की आतमध्ये बाळंतपणं चालू आहेत.

तेरवा खिडकीतल्या बरणीत काहीच हलेना. एक दिवस, दोन दिवस... वहीत शून्य लिहिलं. आई उठली नाही. "थांब. मास्तरनं घाई केली असती काय?" काल तिसऱ्या दिवशी भिंग धरलं. तळाशी, काचेला लागून, कण हलला. मग दुसरा. मग पाच. इतक्या बारीक, की रव्याचीही उपमा मोठी पडावी. एकीच्या पाठीत दोन अंडी.

वहीत शेवटचा रकाना 'शेरा' असा आहे. तिथं सरांचं अक्षर संपून माझं सुरू होतं. काय लिहावं कळेना. आईनं मांडीवरच्या गाळायच्या कापडाची चौपदरी घडी घातली. रिठदच्या तळ्यावर न्यायचं म्हणून तिनं ते धुऊन वेगळं ठेवलंय.

"लिही," ती म्हणाली. "लहान हायेत. पण हायेत."