जाऊबाईचं कार्ड

माझी धाकटी जाऊ वर्षा अंबाड्यात स्क्रू पिळायचा पेचकस खोचून पोळ्या लाटायची. वर्ध्याजवळच्या सेलूच्या आमच्या घरात हे आधी कुणी पाहिलं नव्हतं. सासूबाईंना कौतुक, माझ्या नवऱ्याला कौतुक, आमच्या खताच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही कौतुक. मला मात्र ती पहिल्या दिवसापासून खुपली, आणि ते मी कधी लपवलं नाही.

ती नागपूरची. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत ती माहेरून कॉम्प्युटर घेऊन आली. त्यात विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. "साऱ्या वर्ध्यात विंडोज चालते, अन् हिले लिनक्सच पाह्यजे," दीर चिडवायचे. वर्षा म्हणायची, "पाहून घेऊ न." मिक्सर बिघडलेला असो की सासूबाईंचा रक्तदाब वाढलेला, तिचं उत्तर हेच.

माझी मनू तेव्हा आठवीत होती. टीव्हीला जोडायचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम तिला मामाने दिला होता. "मी जिंकली ते शाळेत कोणी खरंच मानत नाई, काकू," असं ती एकदा म्हणाली. माझ्याजवळ नाही, काकूजवळ. तेवढ्यावरून वर्षाने नागपूरहून एक कार्ड मागवलं. टीव्हीवरचा खेळ वायरीने कॉम्प्युटरमध्ये घेऊन त्याची फिल्म करणारं. सोबतची सीडी फक्त विंडोजची, आणि लिनक्स त्या कार्डाला ओळखच देईना. मग कार्ड कोणत्या जातीचं ते सांगायला दोघी काळ्या पडद्यावर एकेक नंबर देऊन बघत बसायच्या. कधी नुसत्या रेघा यायच्या, कधी चित्र यायचं पण रंग नाही. लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

चतुर्थीला मनूला घेऊन केळझरच्या गणपतीला जायचं मी ठरवलं होतं. तिचा नवा ड्रेस काढून ठेवला. निघायच्या वेळेला आतून तिचा आवाज आला, "रंग आला, काकू!" आणि ती आलीच नाही. गणपतीसमोर मी काय मागितलं ते सांगत नाही. वर्षाचं भलं मागितलं नाही, एवढं खरं.

पुढे ते रोजचंच झालं. मनूने खेळायचं, वर्षाने भरून घ्यायचं, मग दोघींनी ते हळूहळू चालवून बघायचं. "पाह्य, इथं तू ब्रेक दाबाले उशीर केला," वर्षा सांगायची आणि माझी पोर कान देऊन ऐकायची. माझं सांगणं तिने असं कधी ऐकलं नाही. मी स्वयंपाकघरातून हाका मारत राहायची, ताट थंड व्हायचं, आणि मनात एकच जळत असायचं, की ही बाई माझी मुलगी अडवून ठेवते.

दिराला पुण्यात नोकरी लागली, दोघं गेली, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. पण बारावीनंतर मनू शिकायला पुण्यालाच गेली, आणि राहायला काकूकडे. एका दुपारी तिच्या कपाटात तिच्या शर्यतींची सीडी सापडली. टीव्हीच्या प्लेयरवर चालेल अशी वर्षाने करून दिलेली. मी ती लावली. गाड्या धावत होत्या, पण गाड्यांचा आवाज नव्हता. आवाज आमच्या त्या खोलीतला होता.

मी पुण्याला फोन लावून गाड्यांचा आवाज कुठे गेला ते विचारलं. वर्षा हसली. "हो ताई, आवाज कुठून घ्याचा ते लिनक्सले सांगा लागते. मी वायरीतून घे म्हणाचं विसरली, तं ते माईकवरूनच घेत राह्यलं. पाहताना आम्ही आवाज बंदच ठेवत होतो न, मग राहूनच गेलं."

फोन ठेवून मी पुन्हा ऐकलं. लांबून माझी हाक, "मनू, जेवाले ये." मग वर्षा, "जाय न, आई बलावून राह्यली." मनू, "थांब न काकू, एकच." पुन्हा माझी हाक. पुन्हा वर्षा, या वेळी जरा कडक, "ऊठ वं. ताई उपाशी बसल्या तुह्यासाठी." आणि मनू म्हणाली, "तिले जेवू दे न. मले इथंच बसाचं आहे."

सीडी संपेपर्यंत मी ऐकलं. वर्षा तिला पाठवत होती, दर वेळी. येत नव्हती ती मनू. वर्षाने मनूला अडवून ठेवलं असतं, तर मी वर्षाला केव्हाच माफ केलं असतं.