आपट्याची पाटी

"झाडांनासुद्धा आडनावं असतात रे," हे वाक्य मी मुलुंडच्या शाळेत पहिल्याच तासाला टाकलं आणि आठवीचा वर्ग खिशात घातला. तेविसावं वर्ष, ताजी पदवी, तोंड काही गप्प बसायचं नाही. एकेका झाडाचं शास्त्रीय कुळनाव कुठून आलं हे सांगितलं की पोरं कान टवकारायची. बदाम म्हणजे टर्मिनालिया, कारण त्याच्या पानांचे झुबके फांदीच्या अगदी शेवटी; बोरीबंदरचं टर्मिनस आठवा, जन्मात विसरणार नाही. शेवग्याचं मोरिंगा हे तमिळ मुरुंगैवरून. धोत्र्याचं दातुरा तर आपल्या संस्कृतातलंच. "म्हणजे सर, आपलंच नाव उचललं आणि आपल्यालाच पाठ करायला लावलं?" एकाने विचारलं. वर्ग हसला, मीही हसलो.

मी तेव्हा कच्चा शिक्षक होतो. हिवाळ्यात तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार, त्यांचा शेरा चांगला पडला तर मी कायम, नाहीतर रामराम. वडील नुकतेच निवृत्त झालेले, पाठच्या दोघी बहिणी शिकत होत्या. नोकरी जाऊन चालणारच नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, "साहेब झाडांचे शौकीन आहेत. आवारातल्या झाडांना पाट्या लावा." मी रॉकेलच्या डब्यांचे पत्रे कापून घेतले, काळे रंगवले आणि पांढऱ्या अक्षरांत लिहिलं: वर शास्त्रीय नाव, मध्ये त्याचा अर्थ, खाली मराठी नाव.

पाट्या तारेने बांधायचं काम शाळेच्या माळीमामांचं. मामा मालवणकडचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. मी प्रत्येक पाटी त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचो आणि झाडाकडे बोट करायचो. असं करत विहिरीजवळच्या झाडाशी आलो.

"बाउहिनिया," मी म्हणालो. "दोघे भाऊ होते, दोघेही वनस्पतिशास्त्रज्ञ. पानाचे दोन भाग कसे एका देठावर जोडलेले आहेत बघा, म्हणून त्या भावांचं नाव या झाडाला दिलं. आपला आपटा."

मामांनी मान वर करून झाड पाहिलं. "मास्तरानू, ह्यो आपटो न्हय. ह्यो कांचन. आपटो थंय, कुंपणाकडे."

माझं डोकंच फिरलं. आमच्या घरी दर दसऱ्याला हीच पानं सोनं म्हणून वाटली जात! बाजारवाले आपटा म्हणून खुशाल कांचनाच्या फांद्या विकतात आणि आम्ही शहाणे त्या मुकाट्याने घरी आणतो, हे मला तेव्हा कुठे ठाऊक? शिवाय दोन्ही झाडांचं कुळनाव एकच, पानाची घडणही तीच. झाड कोवळं होतं, अजून एकदाही फुललं नव्हतं.

"मामा, तुम्ही खुरपं सांभाळा. नावं मी सांभाळतो."

"बरां," म्हणाले आणि त्यांनी पाटी बांधली.

तपासणीच्या दिवशी साहेब बदामाच्या पाटीवर जाम खूश झाले. मग विहिरीजवळ थांबले. फांदी खाली ओढून त्यांनी एक पान तळहातावर ठेवलं. ते पुरतं तळहाताएवढं होतं.

"हा आपटा? एवढ्या मोठ्या पानाचा? आणि ते वर काय आहे?"

वर एकच जांभळं फूल उमललं होतं. मी ते पाहिलंसुद्धा नव्हतं.

"पाट्या कोणी केल्या? शिक्षकांना आपटा आणि कांचन वेगळे ओळखता येत नाहीत?"

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मेलो, एवढंच मनात आलं. तेवढ्यात मामा हातातली झारी खाली ठेवून पुढे आले.

"सायबानू, चूक माझी. ही पाटी कुंपणाकडच्या झाडाची. माका वाचूक येणा नाय, म्हणान हंय टांगलंय."

साहेब कुंपणापाशी जाऊन आले. तिथे खराखुरा आपटा होता, लहान जाड पानांचा. "मग शिक्षकांचा दोष नाही," ते म्हणाले. हेडमास्तरांनी मात्र आठवीच्या पोरांदेखत मामांना फैलावर घेतलं. "अडाणी तो अडाणीच! विचारायला काय झालं होतं?" मामा खाली मान घालून उभे राहिले. मी शेजारीच होतो आणि गप्प होतो. आजही ते आठवलं की स्वतःची किळस येते.

दुपारी माफी मागायला मी शाळेमागच्या त्यांच्या खोलीकडे गेलो. मामा उंबऱ्यात बसून पहारेकऱ्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. भराभर, न अडखळता.

"मामा, तुम्हाला वाचता येतं?"

"चौथी पास आसंय."

"मग तसं का सांगितलंत?"

त्यांनी पेपरची घडी घातली. "माका अडाणी म्हटल्यानी तरी मी माळीच ऱ्हवतलंय. तुमका म्हटल्यानी असतां, तर तुमी मास्तर ऱ्हवला असतात?"

मी पुढे सगळं खरं सांगितलं. हेडमास्तरांना सांगितलं, आठवीच्या वर्गात मामांना बोलावून पोरांसमोरही सांगितलं. पण कधी? तर कायम झाल्याचं पत्र हातात पडल्यावर, सात आठवड्यांनी. ते सात आठवडे पोरं मामांना येता-जाता "अडाणीमामा" म्हणत होती, आणि त्याच पोरांना मी रोज झाडांच्या नावांचे अर्थ शिकवत होतो.