चौथीचा भूमितीचा तास

दामू गेल्याचं मला आठ दिवसांनी कळलं. पावसाळ्यात आगबोटी बंद, मुंबईचं टपाल कोल्हापूरवरून घाट उतरून येतं, त्यामुळे आमच्या रत्नागिरीत माणसं मेली तरी आठ दिवस जिवंतच असतात. वर्तमानपत्रात आठ ओळी होत्या. गणिताचे नामवंत प्राध्यापक, युनिव्हर्सिटीच्या फॅकल्टीचे माजी डीन, अमक्या बोर्डाचे सभासद, तमक्या कमिटीचे अध्यक्ष... सगळं खरं होतं. पण आमच्या मांडवीच्या किनाऱ्यावरचा दामू त्यात कुठे सापडेना. आज महिना होऊन गेला, आता लिहायला बसलो आहे.

त्याचे वडील गलबतावर तांडेल होते. भरती-ओहोटीचा हिशेब दामू चंद्राकडे बघून तोंडी सांगायचा, तेव्हा आम्ही बाकीचे पाढ्यांत अडकलेलो. एका बाकावर बसून आम्ही दोघं मॅट्रिक झालो. तो स्कॉलरशिप मिळवून मुंबईला गेला, एम.ए. झाला आणि सगळ्यांनी वेड्यात काढलं तरी परत येऊन आमच्याच शाळेत मास्तर झाला. मीही तिथेच होतो. त्याचं शिकवणं मी दाराआडून बघायचो. फळ्यावर आकृती काढायची, खडू खाली ठेवायचा आणि मागे जाऊन शेवटच्या बाकावर बसायचं. मग वर्ग गप्प. पाच मिनिटं, दहा मिनिटं... कोणीतरी उठून खडू उचलेपर्यंत हा ढिम्म हलायचा नाही. "उत्तर मी दिलं तर ते माझंच राहील की रे," म्हणायचा. चार वर्षांनी मुंबईच्या एका कॉलेजनं त्याला बोलावून नेलं.

तिथे तो प्रोफेसर झाला आणि काही वर्षांनी त्याचं ते पत्र आलं. फॅकल्टीचा डीन म्हणून त्याचं नाव पुढे आलं होतं. 'वर्गावर जाणं सुटेल अशी भीती वाटते. नको म्हणून कळवावं असं मनात आहे. तुझं काय मत?' असं त्यानं विचारलं होतं. मी उलट टपाली लिहिलं, 'वेडा की काय? मांडवीचा माणूस डीन होतोय. डोळे मिटून हो म्हण.' आता खरं सांगतो, ते त्याच्यासाठी नव्हतं. बाजारात चार लोकांना सांगायला मला हवं होतं. त्यानं माझं ऐकलं.

दुसऱ्याच आठवड्यात त्याची आई माझ्या पडवीत येऊन उभी राहिली. दामूचं पत्र शेजाऱ्यानं वाचून दाखवलं होतं आणि तिच्या डोळ्याचं पाणी खळत नव्हतं.

"मास्तरांनू, आमचा दामू दीन झाला म्हंतात. कोणी केलंन त्याला दीन?"

मला हसू आवरेना. "अगं मावशी, दीन नाही, डीन. मोठा साहेब झाला तो. सगळ्या प्रोफेसरांच्या वर."

"मंग पोरांना शिकवतो ना?"

"शिकवायला आता तितका वेळ नाही मिळायचा."

"म्हंजे तेच की," ती म्हणाली, आणि मुंबईला धाडायला आणलेलं लाल तांदळाचं गाठोडं माझ्याजवळ ठेवून निघून गेली. ही गोष्ट मी वर्षभर लोकांना गंमत म्हणून सांगत होतो.

दर वर्षी त्याचीच निवड व्हायची, कारण तो भांडायचा नाही. मे महिन्यात घरी यायचा तेव्हा कोकमाचं सरबत हातात धरून बसल्या बसल्या पेंगायचा. परीक्षक कोणी व्हायचं, कोणाच्या शेजारी कोण बसणार नाही, कोणतं पुस्तक कोणाच्या मेव्हण्याचं... हेच त्याच्या बोलण्यात. एकदा मांडवीच्या वाळूत बसलो असताना म्हणाला, "शेवटचं प्रमेय कधी शिकवलं, आठवत नाही रे. आये बरोबर म्हणाली होती." मी विषय बदलला. दुसरं काय करणार होतो?

तोवर मी हेडमास्तर झालो होतो. "येत्या जूनपासून शाळेत परत येतो," तो म्हणाला, "चौथीची भूमिती माझ्यासाठी ठेव." आमच्या ऑफिसात वेळापत्रकाचा एक जाड तक्ता आहे, दर जूनला खोडून पेन्सिलीनं नव्यानं भरायचा. सोमवार, तिसरा तास, हायस्कुलातली इंग्रजी चौथी. तिथे मी 'दा.' लिहिलं. पंधरा दिवसांत त्याचं कार्ड आलं, 'यंदा जमत नाही.' खोडलं आणि दुसऱ्या मास्तरांचं नाव घातलं. पुढच्या जूनला पुन्हा 'दा.', पुन्हा कार्ड. सहा वर्षं हे चाललं. मधल्या काळात त्याची आईही गेली. तक्त्याचा कागद त्या चौकोनात खरवडून खरवडून पातळ झाला. एका मेमध्ये ऑफिसात येऊन त्यानं तो बोटानं चाचपून पाहिला होता.

यंदा जूनमध्ये कार्ड आलं ते निराळं. 'डीनपण सोडलं. बोटी सुरू झाल्या की नारळी पौर्णिमेनंतर येतो. यंदा खोडू नकोस.' मी ते कार्ड शिपायापासून सगळ्यांना दाखवलं. आणि पुढच्या टपालात त्या आठ ओळी आल्या.

अपराध माझा आहे असं कोणी म्हणणार नाही. त्याची बायको तर उलट मलाच धीर देणारं पत्र लिहिते. पण त्यानं मत विचारलं होतं, आणि मी ते बाजाराकडे बघून दिलं.

सोमवारी तिसऱ्या तासाला मी स्वतः वर्गावर जातो. आकृती काढतो, मागे जाऊन बसतो. माझ्याच्यानं पाच मिनिटंही गप्प राहवत नाही, उत्तर सांगून मोकळा होतो. परवा नवीन लागलेले मास्तर तक्त्यापुढे उभे राहून म्हणाले, "सर, हे 'दा.' कोण? मला भेटले नाहीत अजून."

"येतील," मी म्हणालो, "बोटी सुरू झाल्या की." आणि खडू घेऊन वर्गावर गेलो.